पार्किन्सन्सचे निदान झाले, पण एमआरआय 'नॉर्मल' : मेंदूच्या चित्रणात नेमके काय दिसते?

धामकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या काकाजींना (वय ६८, वर्धा जिल्हा, कोरडवाहू शेती) नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्सचे निदान केले आहे. हात मांडीवर नुसता ठेवलेला असला की उजवा हात थरथरतो आणि पाण्याचा गडवा उचलला की थरथर थांबते. चालताना उजवा हात हलत नाही. अक्षर इतके बारीक झाले आहे की सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावरची सही जुन्या सहीशी जुळेना, शेवटी गटसचिवांनी अंगठा घेतला. फोडणी करपल्याचा वास त्यांना कित्येक वर्षांपासून येत नाही, हे काकूंनी डॉक्टरांनी विचारल्यावर सांगितले.

डॉक्टरांनी मनगट वळवून, बोटे झपाझप जुळवायला लावून आणि खोलीत चालवून पाहून निदान केले, सिंडोपा (लेव्होडोपा असलेली गोळी) सुरू केली आणि एकदा एमआरआय करून घ्यायला सांगितले. अहवालाचा सारांश असा, की वयानुरूप सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी आहे, स्मॉल व्हेसल इस्केमिक (बारीक रक्तवाहिन्यांचे) बदल थोडे आहेत, बाकी लक्षणीय दोष नाही. यावरून घरात दोन तट पडले. थोरल्या चुलतभावाचे म्हणणे, फोटोत काही निघाले नाही तर गोळ्या कशाला. आणि मामाजींनी 'अ‍ॅट्रॉफी' एवढाच शब्द धरून मेंदू सुकत चालल्याचे गावभर केले. मी जेवढे वाचले त्यावरून दोघांचेही म्हणणे टिकत नाही, असे माझे मत झाले आहे. ते येथे मांडतो. जाणकारांनी त्यात भर घालावी.

हा आजार मुख्यतः मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात असतो. तेथील पेशी डोपामिन तयार करतात आणि ते मेंदूच्या खोल भागातील पुटामेन या गाभ्याकडे पोहोचवतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केवळ सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून आजाराचे वर्णन केले. या काळ्या पट्ट्याचा संबंध त्रेत्याकोफ यांनी मरणोत्तर मेंदू तपासून १९१९ मध्ये दाखवला. पहिले लक्षण दिसते तेव्हा तेथील निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. एवढी हानी होऊनही साध्या एमआरआयवर ती दिसत नाही, कारण पट्टा अवघा काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि पेशी गेल्या म्हणून तेथे खड्डा पडत नाही किंवा डाग उमटत नाही. पक्षाघातात किंवा गाठीत जसा ठळक बदल दिसतो तसे येथे नसते. त्यामुळे पार्किन्सन्सच्या रुग्णाचा नेहमीचा एमआरआय नॉर्मल येणे हे अपेक्षितच आहे.

मग तो करायचा कशाला? पार्किन्सन्ससारखीच लक्षणे देणारे दुसरे काही नाही ना, हे पाहायला. म्हाताऱ्या माणसाला बैलाने ढुसणी दिली किंवा मोटारसायकलवरून पडणे झाले, की काही आठवड्यांनी कवटीखाली हळूहळू रक्त साचून चाल मंदावू शकते. मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या फुगण्याचा एक विकार असतो. त्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणे आणि विसराळूपणा दिसतो, आणि शंट (जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवून त्यावर उपचार करता येतात. हे दोन्ही चित्रणात दिसते आणि वेळेवर कळले तर माणूस सुधारतो. काकाजींचा अहवाल नॉर्मल आहे याचा अर्थ यांपैकी काही सापडले नाही. पार्किन्सन्स नाही, असे तो अहवाल कोठेही म्हणत नाही.

माझे प्रश्न दोन. अधिक शक्तीच्या यंत्रावर पुन्हा एमआरआय केल्यास काही कळेल का? आणि ट्रोडॅट नावाचे जे स्कॅन आहे ते करावे का?

---

फिल्मवाला

धामकाठ भाऊ, मी यवतमाळकडे एमआरआयच्या यंत्रावर काम करतो. अहवाल लिहिणे माझे काम नाही, त्यामुळे यंत्राच्या बाजूचेच सांगतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा १.५ टेस्ला चुंबकशक्तीचे यंत्र असते आणि नेहमीच्या तपासणीत काप सुमारे ५ मिलिमीटर जाडीचे घेतले जातात. तुम्ही म्हणता तो पट्टा अशा एका-दोन कापांतच संपतो. ३ टेस्लाच्या यंत्रावर बारीक कापांचे एसडब्ल्यूआय (लोह ठळक दाखवणारे चित्रण) घेतले, तर सबस्टॅन्शिया नायग्राच्या मागच्या भागात नायग्रोसोम-१ नावाचा छोटा उजळ ठिपका निरोगी माणसात दिसतो. त्याच्या दोन बाजूंना काळ्या रेषा असल्यामुळे ते चित्र भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखे भासते, म्हणून त्याला 'स्वॅलो टेल' खूण म्हणतात. पार्किन्सन्समध्ये तेथे लोह वाढते, उजळ ठिपका मिटतो आणि शेपटी दिसेनाशी होते. मात्र मागणीपत्रावर फक्त 'एमआरआय ब्रेन' लिहिलेले असेल तर आम्ही नेहमीचाच क्रम चालवतो. डॉक्टरांना ही खूण पाहायची असेल तर त्यांनी तसे लिहून द्यावे लागते.

दुसरी गोष्ट हालचालीची. पार्किन्सन्समध्ये मान सहसा हलत नाही, पण हाताच्या थरथरीचा हिसका खांद्यातून डोक्यापर्यंत पोहोचतो आणि चित्र पुसट येते. एसडब्ल्यूआयला वेळ जास्त लागतो, म्हणून तेच आधी बिघडते. आम्ही डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज दाबून बसवतो, हात पट्ट्याने अंगालगत बांधतो आणि गोळीचा परिणाम चालू असेल अशी वेळ देतो. उपाशीपोटी आणि गोळी न घेता पहाटेच्या एसटीने आलेला रुग्ण यंत्रात सर्वाधिक थरथरतो. साध्या एमआरआयला उपाशी राहायची गरजच नसते. भूल किंवा इंजेक्शन द्यायचे असेल तर केंद्रावरून तसे सांगतात.

पेसमेकर, जुनी शस्त्रक्रिया, अंगातले छर्रे यांबद्दल आम्ही विचारतोच. पण वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडी कण गेला असेल, तर तेही आपणहून सांगावे, ते घरच्यांच्या लक्षात राहत नाही. आणि फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात.

---

वैनगंगेची लेक

माझे वडील तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झाले. त्यांची चाल गेल्या काही वर्षांत मंदावली आहे आणि ते मागच्या बाजूला पडतात. थरथर जवळजवळ नाही. मँगनीजमुळेही पार्किन्सन्ससारखा आजार होतो असे ऐकले आहे. ते एमआरआयवर दिसते का? निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी केलेला त्यांचा एमआरआय स्वच्छ आला आहे.

---

ग्रामीण वैद्यक

ताई, तुमचा प्रश्न आधी घेतो, कारण चित्रणावर विसंबून चूक होण्याचे ते चांगले उदाहरण आहे.

मँगनीजची विषबाधा जुनी आहे; स्कॉटलंडमध्ये मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांबद्दल कूपर यांनी १८३७ मध्येच लिहिले होते. धातू मुख्यतः ग्लोबस पॅलिडस या गाभ्यात साचतो आणि एमआरआयच्या टी-१ चित्रांत तो भाग दोन्ही बाजूंना सारखाच उजळ दिसतो. पण धुळीशी संपर्क तुटल्यावर ही चमक काही महिन्यांत ओसरत जाते. माणसाचा त्रास मात्र मागे राहू शकतो. त्यामुळे निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी आलेला स्वच्छ एमआरआय मँगनीजच्या बाजूने काही सांगत नाही आणि विरुद्धही सांगत नाही. उलट, यकृत निकामी होत आलेल्या माणसातही हीच चमक दिसते, कारण मँगनीज शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत करते. म्हणजे खाणीत कधीच न गेलेल्या माणसातही हे चित्र येऊ शकते.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मला खाणीपेक्षा 'मागे पडणे' अधिक महत्त्वाचे वाटते. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांतच वारंवार पडणे हे साध्या पार्किन्सन्समध्ये सहसा घडत नाही. अशा वेळी पीएसपी या वेगळ्या आजाराचा विचार करावा लागतो. त्यात नजर खाली वळवणे अवघड होते. जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातला घास नीट दिसत नाही. आणि येथे मात्र साधा एमआरआय उपयोगी पडू शकतो, कारण मध्यमेंदू इतका झिजतो की बाजूने घेतलेल्या कापात त्याचा आकार लांब चोचीच्या हमिंगबर्डसारखा दिसतो. एमएसए नावाच्या आणखी एका आजारात पॉन्स या भागात फुलीच्या आकाराची उजळ रेघ येऊ शकते. या खुणा आजाराच्या आरंभी नसू शकतात, म्हणून जुनी सीडी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जा आणि मध्यमेंदूचे माप घ्यायला सांगा. नजरेची तपासणी त्याच भेटीत होईल.

आता धामकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ट्रोडॅट हे रचनेचे चित्र नाही. टेक्निशियम-९९एम जोडलेले औषध शिरेतून देतात, ते पुटामेनमध्ये पोहोचणाऱ्या डोपामिनच्या पेशींच्या टोकांना चिकटते, आणि ती टोके किती शिल्लक आहेत हे गॅमा कॅमेऱ्यावर मोजले जाते. निरोगी माणसात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा आकार दिसतो. पार्किन्सन्समध्ये त्याची शेपटी आधी नाहीशी होते आणि टिंब उरते, तेही बहुधा एका बाजूला अधिक. अमेरिकेत याच जातीचे आयोडीनचे औषध २०११ मध्ये मान्य झाले. आपल्याकडे ट्रोडॅट आणि एफ-डोपा पेट ही दोन्ही होतात, पण न्यूक्लियर मेडिसिनचा विभाग असलेल्या मोठ्या ठिकाणीच.

हे स्कॅन पार्किन्सन्स, पीएसपी आणि एमएसए यांच्यात फरक करू शकत नाही, कारण तिन्हींत ती टोके जातात. त्याचा खरा उपयोग दोन प्रसंगी होतो. एक, हात काम करताना थरथरतो, आराम करताना नाही, घरात आणखी कोणाला तसेच आहे, आणि हा साधा कंप आहे की पार्किन्सन्स हे ठरत नाही तेव्हा. दुसरा प्रसंग आपल्या भागात फार येतो, आणि मला या धाग्यावर तोच सर्वांत जास्त सांगायचा आहे. लेव्होसल्पिराइड असलेली गॅसची गोळी, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन ही औषधे डोपामिनचा परिणाम अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्स उभा करतात. पित्ताची गोळी म्हणून महिनोन् महिने चालू राहिलेल्या पाकिटावर पँटोप्राझोलच्या पुढे लेव्होसल्पिराइड लिहिलेले असते आणि ते कोणी वाचत नाही. अशा रुग्णाचे ट्रोडॅट नॉर्मल येते. पण त्याआधी फुकटचा उपाय म्हणजे घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतणे. मी रुग्णाला आधी तेच सांगतो.

---

दाते पंचांग

फवारणीचे काय? आमच्याकडे कपाशीवर आयुष्यभर फवारलेली माणसे आहेत. फवाऱ्याचा परिणाम एमआरआयवर दिसेल का?

---

ग्रामीण वैद्यक

नाही. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांच्या वापराचा पार्किन्सन्सच्या वाढत्या जोखमीशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे, पण अमुक रुग्णाचा आजार फवारणीमुळे झाला असे सांगणारी खूण कोणत्याही चित्रणात नाही. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करणाऱ्यांच्या बाबतीत जे घडले ती तीव्र विषबाधा होती. तो विषय वेगळा आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये.

---

मेळघाटची आशा

सर, वर लिहिले आहे की मेंदूत लोह वाढते. आमच्या गावात एका आजीला पार्किन्सन्स आहे आणि रक्तही कमी आहे. मुलाने मोबाइलवर हे वाचले आणि तिच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या, लोखंडी कढईसुद्धा माळ्यावर टाकली. काय सांगू?

---

सेवानिवृत्त शरीरक्रिया

आशाताई, याचे उत्तर मी देतो; हा प्रश्न धाग्याच्या मुळाशी जातो.

चित्रात लोह दिसते म्हणून लोह काढले की आजार थांबेल, हा विचार संशोधकांनाही सुचला होता आणि त्यांनी तो तपासून पाहिला. डेफेरिप्रोन हे लोह बांधून बाहेर काढणारे औषध नुकतेच निदान झालेल्या, लेव्होडोपा सुरू न केलेल्या ३७२ रुग्णांवरील चाचणीत वापरले गेले. ३६ आठवड्यांनी ते घेणाऱ्या रुग्णांची लक्षणे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडलेली आढळली. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोपामिन तयार करणाऱ्या विकरालाच लोह लागते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. शिवाय मेंदूतल्या त्या पट्ट्यातील लोहाचा साठा ताटातल्या लोहावरून ठरत नाही. आजीच्या गोळ्या सुरू कराव्यात आणि कढई खाली काढावी. फक्त लोहाची गोळी आणि सिंडोपा एकाच वेळी देऊ नये, कारण पोटात लोह लेव्होडोपाला बांधून ठेवते आणि तिचे शोषण कमी होते. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

धामकाठ यांच्या मामाजींच्या 'अ‍ॅट्रॉफी'कडेही याच दृष्टीने पाहावे. मेंदूच्या रचनेतील बदलांवर मोठे अभ्यास झाले आहेत. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२१ च्या विश्लेषणात २,३५७ रुग्ण आणि १,१८२ निरोगी व्यक्तींचे एमआरआय एकत्र मोजले गेले. रुग्णांमध्ये मेंदूची साल अनेक भागांत सरासरीने पातळ आणि पुटामेन सरासरीने लहान आढळले; पण आजाराच्या पहिल्या टप्प्यात थॅलॅमस हा मेंदूच्या खोल भागातील गाभा मात्र किंचित मोठा आढळला. म्हणजे सगळा मेंदू एका लयीत आक्रसत जातो, असे चित्र नाही. शिवाय हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत आणि दोन्ही गटांतल्या व्यक्तींची मापे एकमेकांत पुष्कळ मिसळलेली असतात. तालुक्याची कपाशीची सरासरी घटली म्हणून कोणाच्या वावरात किती बोंडे लागली ते सांगता येत नाही, तसेच सालीच्या जाडीवरून एका माणसाला पार्किन्सन्स आहे की नाही हे सांगता येत नाही. काकाजींच्या अहवालातील 'वयानुरूप' हा शब्दच महत्त्वाचा आहे. अठ्ठावन्न-साठीच्या पुढच्या बहुतेक अहवालांत तो असतो, पार्किन्सन्स असो वा नसो. बारीक रक्तवाहिन्यांचे जे बदल लिहिले आहेत ते रक्तदाब आणि साखर तपासून घेण्याचे कारण आहे, यापलीकडे ते थोडे असताना फारसे सांगत नाहीत.

या बदलांचा उपयोग संशोधनात आहे. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी ३ टेस्लाच्या यंत्रावर न्यूरोमेलॅनिनचे (पट्ट्याला काळा रंग देणाऱ्या द्रव्याचे) चित्र घेऊन दाखवले आणि तेव्हापासून त्या काळ्या पट्ट्याचा फिकटपणा जिवंत माणसात मोजता येऊ लागला. डिफ्युजन (पाण्याच्या कणांची हालचाल टिपणाऱ्या) चित्रणात पट्ट्याच्या मागच्या भागातील 'मुक्त पाणी' मोजतात. ते रुग्णांमध्ये वर्षागणिक वाढताना आढळले आहे. एखादे नवे औषध झीज थांबवते का, हे ठरवायला अशी मापे हवी आहेत, कारण लक्षणे गोळीने झाकली जातात आणि त्यांवरून झीज मोजता येत नाही.

---

दाते पंचांग

मग सरळ सांगा, गरीब माणसाने एमआरआयवर खर्च करावा की नाही? निदान हाताने, औषध हाताने, आणि फोटो नुसता फाईलला लावायला, असे झाले.

---

ग्रामीण वैद्यक

एकदा करावा, विशेषतः पडणे, लघवीचा त्रास, झपाट्याने वाढ, दोन्ही बाजूंना सारखी लक्षणे किंवा गोळीचा उपयोग न होणे यांपैकी काही असेल तर. लक्षणे एका बाजूने सुरू झालेली, आराम करताना थरथर, वास गेलेला आणि पुरेशा मात्रेच्या लेव्होडोपाने स्पष्ट फरक, असे असेल तर २०१५ चे आंतरराष्ट्रीय निकषही तपासणीवरच निदान मान्य करतात. दरवर्षी एमआरआय करून आजार किती वाढला ते पाहू, असे कोणी म्हणत असेल तर ते पैसे वाचवावेत, कारण औषधाची मात्रा त्यावरून ठरत नाही. सोय नसेल तर सीटी स्कॅननेही साचलेले रक्त आणि फुगलेल्या पोकळ्या कळतात. मध्यमेंदूची बारीक रचना मात्र त्यात दिसत नाही.

---

धामकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पाकिटांची पिशवी खरोखरच ओतली. रक्तदाबाची गोळी, सिंडोपा आणि त्यांच्यासोबत पँटोप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल निघाली. काकाजी ती रोज सकाळी घेत होते आणि 'पित्ताची आहे' म्हणून नागपूरला दाखवलीच नव्हती. तज्ज्ञांना फोनवर कळवले. त्यांनी ती कॅप्सूल बंद करून नुसती पँटोप्राझोल दिली. वास आधीपासून गेलेला आहे आणि लक्षणे एकाच बाजूला आहेत, त्यामुळे मूळ आजार पार्किन्सन्सच असावा आणि कॅप्सूलने तो वाढवून दाखवला असावा, असे त्यांचे मत आहे. म्हणून सिंडोपा चालूच ठेवायची आहे. औषधाचा असा परिणाम उतरायला काही महिनेही लागतात, तोवर ट्रोडॅटची घाई करायची नाही आणि ३ टेस्लावर पुन्हा एमआरआयही करायचा नाही. दिवाळीनंतरच्या तपासणीत शंका उरलीच, तर ट्रोडॅट लिहून देतील. थोरल्या चुलतभावाला मी हा धागा वाचायला दिला आहे. गोळ्या बंद करण्याचा विषय त्याने सध्या सोडला आहे.

ग्रामीण वैद्यक सर, चक्करेच्या गोळ्यांची जी नावे तुम्ही दिली आहेत ती आमच्या गावातल्या आणखी दोन घरांत चालू आहेत. त्या माणसांना कंप नाही, पण चाल मंद आहे. त्यांना कोणाकडे पाठवावे, तेवढे सांगावे.

---

ग्रामीण वैद्यक

आधी ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडेच, पाकीट घेऊन. गोळी अजून लागते का आणि बदलता येईल का, एवढे विचारायला सांगा. स्वतःहून एकदम बंद करू देऊ नका. बंद केल्यानंतर काही महिन्यांत चाल सुधारली नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञ.